'वेस्टर्ली' वारा आणि पश्चिमेचे पाणी

दिंडोरी तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा माथा आहे. या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. एका उतारावरचे पाणी कोळवण, कादवा, उनंदा या नद्यांतून गोदावरीला मिळते आणि मराठवाडा, तेलंगण व आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. दुसऱ्या उतारावरचे पाणी पेठ-सुरगाण्याच्या दऱ्यांतून गुजरातेकडे उतरते. दमणगंगेचा उगम याच तालुक्यातील आंबेगावाजवळचा. सुमारे १३१ किलोमीटर वाहून ती दमण येथे अरबी समुद्राला मिळते. माथ्याच्या अलीकडचा ओढा एका समुद्राचा आणि पलीकडचा दुसऱ्या समुद्राचा, असा हा मुलूख आहे.

अशा मुलुखात 'पूर्वेचे' आणि 'पश्चिमेचे' हे शब्द केवळ भूगोलाच्या पुस्तकातले राहत नाहीत. त्यांवर धरणे बांधली जातात, बोगदे खोदले जातात, गावांच्या जमिनी जातात आणि दूरच्या तालुक्यांतील शिवारे भिजतात. या व्यवहाराची मूळ कागदपत्रे मात्र बहुधा इंग्रजीत तयार होतात. त्यांतील दिशादर्शक विशेषणांचा अर्थ कार्यकर्त्यांना नेमका ठाऊक नसेल, तर सभेत प्रश्न विचारणाराही चुकतो आणि उत्तर देणाऱ्याला निसटून जाण्यास वाट मिळते. म्हणून एका लहानशा इंग्रजी शब्दाचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे अप्रस्तुत ठरू नये. तो शब्द म्हणजे 'वेस्टर्ली'.

एका दिशेची चार विशेषणे

इंग्रजीत पश्चिम दिशेला 'वेस्ट' म्हणतात. या नामावरून अनेक विशेषणे तयार झाली असून त्यांच्या छटा निरनिराळ्या आहेत. खुद्द 'वेस्ट' हाच शब्द विशेषण म्हणून येतो, तेव्हा तो बहुधा नेमकी जागा दाखवतो. घराची 'वेस्ट' बाजू म्हणजे पश्चिमेची बाजू. 'वेस्टर्न' हा शब्द प्रदेशाशी किंवा त्या प्रदेशाच्या गुणधर्माशी निगडित आहे. 'वेस्टर्न घाट्स' म्हणजे पश्चिम घाट, 'वेस्टर्न रेल्वे' म्हणजे पश्चिम रेल्वे. 'वेस्टवर्ड' या शब्दात गती आहे आणि त्या गतीचे गंतव्य स्पष्ट आहे. पश्चिमेकडे जाणारे ते 'वेस्टवर्ड'. या तिन्ही शब्दांचा अर्थ लावताना फारशी अडचण येत नाही.

अडचण येते ती चौथ्या शब्दाची. इंग्रजीत 'ली' हा प्रत्यय लागलेले बहुतेक शब्द क्रियाविशेषणे असतात. 'वेस्टर्ली' मात्र विशेषण म्हणूनही वापरला जातो, आणि विशेषण म्हणून त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत. 'वेस्टर्ली विंड' म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. तो पूर्वेकडे वाहतो. पण कोणी 'वेस्टर्ली' दिशेने निघाला असे म्हटले, तर तो पश्चिमेकडे निघाला असा अर्थ होतो. जमिनीच्या 'वेस्टर्ली' हद्दीविषयी लिहिले असेल, तर तेथे येणे नाही आणि जाणेही नाही, केवळ पश्चिमेची कड एवढाच अर्थ आहे. शब्द एक, पण त्याच्या शेजारी कोणते नाम बसले आहे त्यावरून त्याची दिशा उलटीसुलटी होते. 'ईस्टर्ली', 'नॉर्दर्ली' आणि 'सदर्ली' या शब्दांचीही हीच तऱ्हा आहे.

वारा उगमावरून, प्रवाह गंतव्यावरून

या विसंगतीच्या मुळाशी व्यवहार आहे. वाऱ्याला नाव देताना तो कोठून येतो हे पाहण्याची रीत आहे. पाण्याच्या प्रवाहाला नाव देताना तो कोठे जातो हे पाहतात. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याला अर्थ आहे. वारा त्याच्या अंगावर येतो, म्हणून तो कोणत्या बाजूने येईल हे त्याला आधी कळले पाहिजे. प्रवाह त्याच्या होडीला आपल्याबरोबर घेऊन जातो, म्हणून तो कोठे नेऊन सोडील हे कळले पाहिजे. जुन्या इमारतींवरील वातकुक्कुटाची चोच वारा येतो त्या दिशेला वळते, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते.

वाऱ्याला उगमावरून नाव देण्याची ही रीत इंग्रजांचीच आहे असे नव्हे. कोकणात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना खारे वारे म्हणतात आणि जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यांना मतलई वारे. उत्तर हिंदुस्थानातील शेतकऱ्याची पुरवैया पूर्वेकडून येते. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहतात. म्हणजे दिंडोरीच्या माथ्यावर पाऊस घेऊन येणारा वारा 'पश्चिमेचा' असतो, तो पश्चिमेकडून आला म्हणून. आणि त्याच पावसाने भरलेली दमणगंगा 'पश्चिमेची' नदी ठरते, ती पश्चिमेकडे जाते म्हणून. एकाच ढगातील पाणी वाटेत दिशा बदलते, पण त्याचे विशेषण तेच राहते.

नदीच्या दिशेतही एक मेख आहे. दिंडोरीच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग आहे. तिच्या पलीकडचे पाणी गिरणेला मिळते. गिरणा मालेगावाकडे, म्हणजे पूर्वेकडे वाहत जाते, पुढे खानदेशात वळून तापीला मिळते आणि तापी पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. गिरणेचे पाणी पूर्वेचे म्हणावे की पश्चिमेचे? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. फक्त कोणत्या टप्प्याविषयी बोलणे चालले आहे ते सांगितले पाहिजे.

शेतकऱ्याला हा भेद कोठे नडतो

दिंडोरी आणि निफाड हे द्राक्षबागांचे तालुके आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड पक्व होऊ लागतात आणि त्याच सुमारास अवकाळी पावसाची धास्ती असते. या काळातील हवामानाच्या इंग्रजी निवेदनांत 'वेस्टर्लीज' आणि 'ईस्टर्लीज' हे शब्द वारंवार येतात. वरच्या थरात पश्चिमेकडून येणारी थंड हवा आणि खालच्या थरात पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येणारी बाष्पयुक्त हवा यांची गाठ पडली की वादळी पाऊस व गारपीट होण्याजोगी स्थिती निर्माण होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांवर जी प्रदीर्घ गारपीट झाली, तिच्यात नाशिक जिल्ह्यातील बागाही सापडल्या. अशा वेळी निवेदनातील 'ईस्टर्ली' शब्दाचे भाषांतर कोणी 'पूर्वेकडे जाणारे वारे' असे केले, तर शेतकऱ्याला नेमकी उलटी माहिती मिळते. बागेच्या कोणत्या बाजूला आडोसा उभारायचा, फवारणी कोणत्या बाजूने सुरू करायची, हे त्याला वारा कोठून येणार यावरून ठरवायचे असते. विशेषणाची चूक येथे भाषेची चूक राहत नाही, ती पिकाची हानी होते.

मराठीचे सामर्थ्य आणि मराठीतला सापळा

या बाबतीत मराठीची घडण इंग्रजीहून अधिक सोयीची आहे. 'पश्चिमेकडून', 'पश्चिमेकडे' आणि 'पश्चिमेकडील' हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यांत घोटाळा होण्याचे कारण नाही. पश्चिमवाहिनी नदी म्हणजे पश्चिमेकडे वाहणारी, पूर्वाभिमुख घर म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेले. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहिताना 'पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस ओढा' असे लिहितात. त्यातील 'स' हा प्रत्यय काढून टाकला तर कोर्टात दोन पिढ्या भांडण चालेल. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही या प्रत्ययांचे मोल माहीत असते. उगवतीकडून आले की मावळतीकडे गेले, हे सांगताना त्याच्याकडून चूक होत नाही.

तरीही मराठीत लिहिले म्हणजे आपोआप स्पष्ट झाले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. अलीकडच्या भाषांतरांतून 'पश्चिमी' हे विशेषण सर्रास वापरले जाऊ लागले आहे. 'पश्चिमी वारे', 'पश्चिमी प्रवाह', 'पश्चिमी वळण' अशा शब्दयोजनेत मराठीचा प्रत्यय गळून पडतो आणि इंग्रजी शब्दाचा दुटप्पीपणा जसाच्या तसा मराठीत उतरतो. 'पश्चिमेचे पाणी' या शब्दप्रयोगातही तोच धोका आहे. पश्चिमेकडून आणलेले पाणी, पश्चिमेकडे जाणारे पाणी आणि पश्चिमेकडील लोकांच्या हक्काचे पाणी हे तिन्ही अर्थ त्यात मावतात, आणि भाषण करणारा पुढारी श्रोत्यांना रुचेल तो अर्थ पुढे करू शकतो.

दिशेचे नाव हे बोलणारा कोठे उभा आहे यावरही अवलंबून असते. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागाला पश्चिम महाराष्ट्र म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्याच्या पश्चिमेला सारे कोकण पसरलेले आहे. नाशिक उत्तर महाराष्ट्रात मोडते, पण नकाशावर नागपूर नाशिकच्याही उत्तरेला आहे. इंग्रजांनी लंडनमध्ये बसून ज्याला मध्यपूर्व म्हटले, तो प्रदेश भारताच्या पश्चिमेला असल्यामुळे भारत सरकार त्याला पश्चिम आशिया म्हणते. दिशांची नावे निसर्गाने दिलेली नसतात. ज्याच्या हाती नकाशा असतो तो ती देतो.

दोन 'वेस्ट', दोन उलट वाटा

या सर्व विवेचनाचे प्रयोजन पाण्याच्या कागदपत्रांत दिसून येते. १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापुढे, म्हणजे बच्छावत लवादापुढे, 'वेस्टवर्ड डायव्हर्शन' हा मोठ्या वादाचा विषय होता. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून कोकणात सोडले जाते. कृष्णा खोऱ्यातील पाणी पश्चिमेकडे वळविण्यास खालच्या राज्यांचा आक्षेप होता आणि लवादाने १९७६ च्या अंतिम निर्णयात अशा पाण्यावर मर्यादा घातली. तेथे 'वेस्टवर्ड' म्हणजे पाणी पश्चिमेकडे नेणे.

नाशिक जिल्ह्यातील योजनांच्या कागदपत्रांत 'वेस्ट-फ्लोइंग रिव्हर्स'च्या पाण्याचे 'डायव्हर्शन' असा उल्लेख असतो. येथेही 'वेस्ट' आहे आणि येथेही 'डायव्हर्शन' आहे. पण पाण्याची वाट अगदी उलट आहे. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणी येथे पूर्वेकडे न्यायचे आहे. दिंडोरी तालुक्यातील मांजरपाडा योजना हे त्याचे ठळक उदाहरण. घाटमाथ्याच्या पश्चिम उतारावरून गुजरातेकडे जाणारे पाणी अडवून ते बोगद्याने अलीकडे आणायचे, पुणेगाव धरणात सोडायचे आणि तेथून चांदवड-येवल्याच्या अवर्षणप्रवण भागाकडे न्यायचे, अशी ती योजना. २०१९ मध्ये हे पाणी पुणेगावकडे वळले. कोयनेचे वळण आणि मांजरपाड्याचे वळण या दोहोंना कोणी 'पश्चिमी वळण योजना' असे नाव दिले, तर वाचणाऱ्याला एकीत पाणी बाहेर गेले आणि दुसरीत ते आत आले याचा पत्ताही लागणार नाही.

त्याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. ३ मे २०१० रोजी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात दोन नदीजोड प्रकल्पांचे सविस्तर अहवाल तयार करण्यासाठी करार झाला. त्यांपैकी दमणगंगा-पिंजाळ जोड दक्षिणेकडे मुंबईसाठी, तर पार-तापी-नर्मदा जोड उत्तरेकडे गुजरातसाठी. मांजरपाड्यासारख्या योजनांचे पाणी पूर्वेकडे येवल्यासाठी. 'पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी वळविणे' या एकाच मथळ्याखाली पाण्याला पूर्व, दक्षिण आणि उत्तर अशा तिन्ही दिशा सुचविल्या गेल्या. नदी कोठे वाहते एवढेच मथळा सांगतो. पाणी कोणाकडे जाणार, हे सांगण्याची जबाबदारी त्याने टाळलेली असते.

'वाया जाणारे' पाणी कोणाचे?

पश्चिमेकडे वाहणाऱ्या पाण्याला सार्वजनिक भाषणांत आणखी एक विशेषण जोडले जाते: समुद्रात वाया जाणारे. हे पाणी पूर्वेकडे आणले की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा जायकवाडीचा तंटाही मिटेल, असे आश्वासन दिले जाते. येवल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची आणि जायकवाडीवर अवलंबून असलेल्या मराठवाड्याची गरज खरी आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु ज्या डोंगरात हे पाणी पडते तेथील वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे. पेठ आणि सुरगाण्यात पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतात आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातील बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्याची वाट तुडवतात, कोठे टँकरची वाट पाहतात. त्यांच्या दारावरून जाणारे पाणी आधी 'वेस्ट-फ्लोइंग' ठरते, मग 'वाया जाणारे' ठरते आणि अखेरीस 'वळविण्याजोगे' ठरते. या तीन पायऱ्यांत कोठेही त्या वस्तीचे नाव येत नाही. विशेषणांनी माणसे झाकली जातात ती अशी.

पेठ, सुरगाणा हे तालुके आणि दिंडोरीचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा क्षेत्रात विकासप्रकल्पांसाठी जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. ज्या प्रस्तावाची दिशाच ग्रामसभेला समजत नाही, त्याविषयी झालेल्या विचारविनिमयाला काय अर्थ उरतो? २०२२ मध्ये दक्षिण गुजरातेतील आदिवासींनी पार-तापी-नर्मदा योजनेला तीव्र विरोध केला आणि ती पुढे न नेण्याची घोषणा गुजरात सरकारला करावी लागली. आपले गाव, आपली जमीन आणि पाण्याची वाट यांचा संबंध त्यांना कळला होता, म्हणूनच ते उभे राहू शकले.

वाघाडचा धडा

स्पष्ट भाषेने काय साधते याचा पुरावा दिंडोरीतच आहे. कोळवण नदीवरील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरकडील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने या टेलच्या शेतकऱ्यांना संघटित केले आणि १९९०-९१ च्या सुमारास तेथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे धरणाच्या सर्व लाभक्षेत्रात अशा संस्था स्थापन झाल्या आणि पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. या कामाचा पाया एका साध्या हिशेबात होता: धरणात पाणी किती, कालव्यात सोडले किती, कोणत्या चारीला किती वेळ, आणि अखेरच्या शेतात पोहोचले किती. पाणी मोजून घेतले आणि मोजून दिले. वरचा कोण, खालचा कोण आणि पाणी कोणाकडून कोणाकडे जाते, हे प्रत्येक सभासदाला ठाऊक होते. म्हणून वरच्याला खालच्याचा वाटा नाकारणे अवघड झाले.

२००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. वाघाडसारख्या प्रयोगांनी त्याची वाट आधीच दाखवली होती. मात्र एका धरणाच्या लाभक्षेत्रात जी स्पष्टता आली, ती खोऱ्याखोऱ्यांतील पाण्याच्या देवघेवीत अद्याप आलेली नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

डॉ. राममनोहर लोहिया यांनी सार्वजनिक व्यवहारातून इंग्रजी हटविण्याची मागणी केली, तेव्हा त्यांचा विरोध इंग्रजीच्या ज्ञानाला नव्हता. बर्लिनमध्ये शिकलेल्या आणि परकीय भाषांचा व्यासंग असलेल्या माणसाकडे असला द्वेष असण्याचे कारणच नव्हते. मूठभरांना समजणाऱ्या भाषेत बहुसंख्यांचे भवितव्य ठरते, याला त्यांचा विरोध होता. महाराष्ट्राने १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम करून मराठीला राज्यकारभाराची भाषा केले. त्या कायद्याचे सार्थक केवळ पाट्या मराठीत लिहून होत नाही, आणि इंग्रजी विशेषणाला मराठी पोशाख चढवूनही होत नाही.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी केल्या पाहिजेत. कार्यकर्त्याने इंग्रजी कागद वाचायला शिकले पाहिजे. 'वेस्टर्ली' शब्द दिसला की त्याच्या पुढचे नाम पाहावे: वारा असेल तर तो तिकडून येतो, प्रवाह किंवा मार्ग असेल तर तो तिकडे जातो, हद्द असेल तर ती तिकडे आहे. 'वेस्ट-फ्लोइंग' आणि 'वेस्टवर्ड' हे शब्द नदीला लागले आहेत की वळवलेल्या पाण्याला, हेही तपासावे. त्याचबरोबर, पाण्याच्या प्रत्येक योजनेचा गोषवारा मराठीत, 'कडून' आणि 'कडे' या प्रत्ययांसह, संबंधित गावांच्या ग्रामसभांपुढे लेखी ठेवला जावा, असा आग्रह धरावा. हवामानाच्या सूचनांतही 'पूर्वी वारे' किंवा 'पश्चिमी वारे' असे न लिहिता ते कोठून येणार हे लिहिण्याची मागणी करावी.

योजनेच्या सभेत तीन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. पाणी कोणत्या ओढ्यातून, कोणत्या गावाच्या हद्दीतून उचलणार? ते कोणत्या वाटेने, कोणत्या शिवारासाठी किंवा शहरासाठी जाणार? आणि जेथून ते उचलले त्या पाड्याच्या उन्हाळ्यातील पिण्यासाठी व शेतीसाठी किती मागे राहणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळेपर्यंत ग्रामसभेने ठरावावर सही करण्याची घाई करू नये. येवल्याचा शेतकरी आणि पेठचा आदिवासी यांनी समोरासमोर बसून हा हिशेब मांडला, तर त्यांच्यात तडजोड निघू शकते, असाच वाघाडचा अनुभव सांगतो. त्यासाठी दोघांच्या हाती असलेल्या कागदाचा अर्थ मात्र एकच असला पाहिजे.